कंगोरा एका कपाटाचा नव्हे, अख्ख्या रांगेचा

लोणी, राहाता, कोपरगावकडच्या ऊसपट्ट्यात हल्ली बंगले बांधले जातात, त्यांच्या स्वयंपाकघराची उंची सहज दहा फूट असते. भिंतीवर कपाटांची एकच रांग लावली तर वरची जागा ओकीबोकी दिसते. म्हणून दुसरी रांग चढवायची आणि तिच्या डोक्यावर कंगोऱ्याची पट्टी, म्हणजे मोल्डिंग, फिरवायची, अशी मागणी येते. ड्रॉइंग अर्थात कॉम्प्युटरवर होतं.

अशाच एका कामाचं ड्रॉइंग ग्राहकाच्या डिझायनरकडून नगरला आमच्या वर्कशॉपमध्ये आलं. खालची रांग जमिनीपासून १४५० मिमीवर सुरू होणारी, उंची ७२०; म्हणजे २१७० ला संपणारी. त्यावर ६०० ची दुसरी रांग. दोन्ही रांगांना ७५ मिमी उंच आणि ५५ मिमी पुढे येणारा कंगोरा. समोरच्या चित्रात मधला पट्टा फार शोभून दिसत होता. घरच्यांनी तो पाहूनच होकार दिला. कापाच्या यादीप्रमाणे पट्ट्या कापल्या, पॉलिश झालं, माल साइटवर गेला. मिस्त्रींनी वरचं पहिलं शटर बिजागरीवर चढवायला घेतलं, तर ते जागेवर बसेचना. तळाचे ७५ मिमी सरळ पट्टीवर आदळत होते. रांगेतल्या प्रत्येक शटरची तीच गत.

सॉफ्टवेअर कपाटाकडे सुटं खोकं म्हणून बघतं, हे त्यामागचं कारण. ‘वरच्या कडेला मोल्डिंग’ हा पर्याय एकदा ठरवला की तो प्रत्येक खोक्याला लागतो. डोक्यावर छत आहे की दुसरं खोकं, याची चौकशी बरीच सॉफ्टवेअर करत नाहीत. पट्टी शटरला अडेल, हेही ती सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी पट्टी ही नुसती सजावट.

म्हणून खालच्या रांगेचा कंगोरा हाताने बंद करा आणि फक्त सगळ्यात वरच्या रांगेला ठेवा. मधला सांधा झाकायचाच असेल तर वरची रांग पट्टीच्या जाडीइतकी उचला आणि त्या फटीत शटरच्या तोंडाशी सपाट येणारी साधी १८ मिमीची पट्टी द्या. मला तर हीच जास्त आवडते. रोज फोडणी बसणाऱ्या घरात मधल्या कंगोऱ्याच्या खाचेत तेलकट धूळ साचते, आणि ती पुसायला स्टुलावर चढावं लागतं ते घरातल्या बाईलाच.

समोरचं चित्र बघून कधीच मंजुरी देऊ नका. बाजूचा छेद मागा. त्यात शटर, पट्टी आणि छत एका रेषेत दिसतात, आणि काय कुठे अडतंय ते लगेच कळतं. वरच्या रांगेची बाजू उघडी असेल, तर पट्टी बाजूने वळून भिंतीपर्यंत गेली आहे का, तेही तपासा. चिमणीचा पाइप वरच्या खोक्यातून जाणार असेल तर तोही त्याच ड्रॉइंगवर हवा.

लांबीतही फसगत होते. ९०० मिमी रुंदीच्या, दोन्ही बाजू उघड्या असलेल्या कपाटाला ५५ मिमी पुढे येणारी पट्टी लावायची तर ४५ अंशांच्या कापाचं बाहेरचं टोक ते टोक १०१० भरतं. यादीत नुसती कपाटाची रुंदी आली असेल, तर पट्टी तोकडी पडणार. कापात जाणाऱ्या घटीसाठी आणखी लांबी धरा ती वेगळी.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की ओलसर सागवानाची पट्टी आक्रसते आणि कोपऱ्यातला सांधा उघडा पडतो. पट्टी चांगली सुकलेल्या लाकडाची घ्या, किंवा पेंटच करायचा असेल तर एमडीएफची.

पट्ट्या वर्कशॉपमध्ये खोक्याला चिकटवून पाठवू नका. आधी दोन्ही रांगा पाणसळीत बसवून एकमेकींना स्क्रूने आवळा, शटर लावून उघडझाप करून बघा, मग छताचं माप साइटवर घ्या. स्लॅब क्वचितच पाणसळीत असतो. एका टोकाला दोन सूत कमी, दुसऱ्याला जास्त. पट्टी आणि छत यांच्यात थोडी फट सोडली, तर हा फरक डोळ्यांना खुपत नाही. त्या बंगल्यात आम्ही मधली पट्टी काढून वरची रांग १८ मिमी उचलली. छताखाली तेवढी जागा शिल्लक होती, म्हणून शटर नवी करावी लागली नाहीत.