नऊ नळ्यांची उंच इमारत



शिकागो हे नाव तुम्ही ऐकले असेल. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ते अमेरिकेतले शहर हेच. या शहराच्या ऐन मध्यभागी, कचेऱ्यांच्या गर्दीत, एक काळी इमारत उभी आहे. मजले ११०. उंची १४५० फूट, म्हणजे सुमारे ४४२ मीटर. आपल्या वर्गाची भिंत १० फूट धरली, तर एकावर एक अशा १४५ भिंती झाल्या! १९७३ साली ती माथ्यापर्यंत चढली आणि पुढे जवळजवळ २५ वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत ठरली. तिचे नाव सीअर्स टॉवर.

आता विचार करा. एवढी उंच इमारत पडत कशी नाही?

जाड भिंती

दगडविटांच्या घरात सगळा भार भिंती पेलतात. घर उंच करायचे, तर खालची भिंत जाड करावी लागते. शिकागोत १८९१ साली विटांच्या भिंतींची १६ मजली मोनॅडनॉक इमारत पुरी झाली. तिच्या तळाच्या भिंती ६ फूट जाड आहेत! आणखी मजले चढवले असते, तर तळाला नुसत्या भिंतीच झाल्या असत्या. मग माणसांनी बसायचे कुठे?

लोखंडी सांगाडा

दुसरी वाट याच शहरात आधी निघाली होती. १८८५ साली विल्यम जेनी यांनी एक १० मजली इमारत बांधली. तिचा बराचसा भार लोखंडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता. आपल्या शरीराचा भार हाडे पेलतात, कातडी नव्हे, तसेच हे. पुढे भिंत उरली ती ऊनपाऊस अडवण्यापुरती. वर जायला लिफ्ट होतीच. मग काय, इमारती भराभर वाढू लागल्या.

खरा शत्रू वारा

पण आणखी वर गेल्यावर नवी अडचण आली. शिकागो आहे मोठ्या सरोवराच्या काठी. तिथे वारा जोराचा. वारा सुटला की शेतातले उंच ताट जास्त वाकते, बुटके कमी. इमारतीचेही तसेच. खूप उंच इमारतीला स्वतःच्या वजनाइतकाच वाराही जड जातो, बरं का!

हे कोडे सोडवणाऱ्या अभियंत्याचे नाव फझलुर रहमान खान. त्यांचा जन्म १९२९ साली ढाक्याचा. ढाका तेव्हा अखंड हिंदुस्थानात होते, आज ते बांगलादेशात आहे. १९५२ साली ते शिकायला अमेरिकेत गेले. त्यांनी इमारतीची ताकद बाहेरच्या कडेला आणली. जवळजवळ खांब आणि त्यांना जोडणाऱ्या भक्कम तुळया घालून इमारतीची एक पोकळ नळीच केली. बांबू पाहा. आतून पोकळ, पण वादळात सहजी मोडत नाही.

सीअर्स ही टपालाने माल विकणारी मोठी कंपनी. तिला आपली हजारो माणसे एका छपराखाली आणायची होती. त्यांच्यासाठी खाली ऐसपैस मजले हवे होते आणि भाड्याने द्यायला वर लहान मजले. खान आणि वास्तुशिल्पकार ब्रूस ग्रॅहम यांनी ७५ फूट बाजूच्या ९ चौकोनी नळ्या ३ × ३ अशा जोडल्या. ५० व्या मजल्यावर २ नळ्या थांबवल्या, ६६ व्या मजल्यावर २ आणि ९० व्या मजल्यावर ३. बाकीच्या शेवटपर्यंत नेल्या. म्हणून ही इमारत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. जोराच्या वाऱ्यात तिचा माथा किंचित हलतो, पण तो हिशोब आधीच केलेला आहे.

करून पाहा

जुन्या वहीच्या पानांच्या सारख्या उंचीच्या ९ नळ्या करा. एक नळी टेबलावर उभी करून वहीने वारा घाला. पडली ना? आता नऊही नळ्या ३ × ३ अशा लावून वर, मध्ये आणि खाली दोऱ्याने आवळून बांधा. पुन्हा वारा घाला. कागद तोच, वारा तोच. मग फरक कशाने पडला?

पुढे काय झाले?

१९९० नंतरच्या काळात सीअर्स कंपनी ही जागा सोडून गेली. २००९ साली इमारतीचे नाव विलिस टॉवर झाले. २०१८ साली कंपनीचेही दिवाळे निघाले. खान तर १९८२ सालीच वारले. पण त्यांची नळीची युक्ती जगभरच्या अभियंत्यांनी उचलली. मालक गेला, पाटी बदलली. नऊ नळ्या मात्र एकमेकींना धरून आजही उभ्या आहेत.

सांगा पाहू

१. मोनॅडनॉक इमारतीच्या तळाच्या भिंती जाड का ठेवाव्या लागल्या?
२. नऊ नळ्यांपैकी किती शेवटपर्यंत गेल्या? वजाबाकी करून काढा.
३. आपल्या गावात पोकळ असूनही मजबूत अशा कोणत्या वस्तू आहेत? तीन नावे लिहा.