ओस्तिया : संत मोनिकेचा शेवटचा मुक्काम

रोमच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तिबेर नदीच्या मुखाजवळील ओस्तियाचे अवशेष जरूर पाहावेत. प्राचीन रोमचे हे बंदर. नाट्यगृह, स्नानगृहे, बहुमजली घरे यांच्या भिंती आजही उभ्या आहेत. गाळ साचून समुद्र मात्र दूर गेला आहे.

आफ्रिकेला परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत असताना संत ऑगस्टीन यांची आई, संत मोनिका, ३८७ साली इथेच आजारी पडली व देवाघरी गेली. मायदेशी दफन करण्याचा हट्ट तिने धरला नाही. देह कुठेही ठेवा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मुलांना सांगितले. तिच्या कबरीवरील लेखाचा तुकडा १९४५ साली ओस्तियात सापडला.

आज मिस्सात मृतांचे स्मरण होईल, तेव्हा आपणही आपल्या माणसांची नावे मनात घेऊ या.