गाठ निघेल गं, पण किडनी किती उरेल?

आईच्या सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली आणि तेव्हापासून तू मोबाईलवर नको नको ते वाचत बसली आहेस, हो ना? ठेव तो फोन बाजूला आणि ऐक माझं. पोटाच्या भलत्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी करावी आणि किडनीवर गाठ सापडावी, असं हल्ली पुष्कळदा होतं. चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी पाचातली एक तर कॅन्सरची नसतेच. अशा लहान गाठीसाठी दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं मत घेण्यात चार-आठ दिवस गेले, तर काही बिघडत नाही.

आता एक ना एक नातेवाईक म्हणणारच, "काढून टाका अख्खी किडनी, दुसरी आहेच की! दान करणारे नाही का जगत?" बघ, किडनी देणारा माणूस सतराशे साठ तपासण्या करून, धडधाकट म्हणून निवडलेला असतो. आपली आई अडुसष्ट वर्षांची, बीपीची गोळी घेणारी. दोघांचा हिशोब एक कसा असेल?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या विल्यम हुआंग, पॉल रूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खी किडनी काढली किंवा फक्त गाठ काढली, तर पुढे किडनीचं काम किती टिकतं, नेमकं हेच तपासलं. २००६ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त ते छापून आलं. ६६२ रुग्ण, सगळ्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल, दोन्ही किडन्या जागेवर. तरीही त्यांतल्या २६ टक्के लोकांची किडनी ऑपरेशनआधीच मंदावलेली निघाली, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर ६०च्या खाली. बाकीच्यांपैकी फक्त गाठ काढलेल्यांत तीन वर्षांनी ६०च्या वर टिकण्याचं प्रमाण ८० टक्के होतं. पूर्ण किडनी काढलेल्यांत ३५ टक्के. केवढा फरक आहे बघ! पण खरं सांगू का, तुझ्यापासून काही लपवायचं नाही मला. २०११ मध्ये आलेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, किडनी वाचवल्यामुळे आयुष्य वाढलेलं काही दिसलं नाही. शिवाय गाठ मोठी असेल, किडनीच्या मधोमध रक्तवाहिनीला खेटून असेल, तर पूर्ण किडनी काढणंच शहाणपणाचं ठरतं. तसं डॉक्टरांनी सांगितलं तर धसका घेऊ नकोस. फक्त प्रश्न विचारल्याशिवाय "हो" म्हणू नकोस.

आता आईची फाईल उघड. क्रिएटिनिन १.१, शेजारी नॉर्मलची मर्यादा, आणि आपण निश्चिंत. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईचा तोच आकडा सूत्रात घातला की ईजीएफआर साधारण ५५ येतो. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडून मागून घे. कोणती किडनी किती काम करते, हे डीटीपीए स्कॅनमध्ये कळतं. तो करायला हवा का, तेही विचार. कॉन्ट्रास्टच्या सीटी स्कॅनआधी हे आकडे आणि आईच्या चालू गोळ्या डॉक्टरांच्या कानावर घाल. गुडघे दुखतात म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणते ना, त्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आजपासून बंद. दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. किडनी साफ करणारा म्हणून कुणी काढा आणून दिला, तर तोही परत कर.

पैशांचं टेन्शन मी समजू शकते. पुण्याच्या ससूनसारख्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेट, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधीच विचारून ठेव.

एवढं सगळं तुला जमणार आहे, मला ठाऊक आहे. घरचं सगळं तूच तर निभावतेस. वहीत तीनच प्रश्न लिहून ने: फक्त गाठ काढता येईल का, तसं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, आणि नंतर क्रिएटिनिन नि लघवीतलं प्रोटीन किती दिवसांनी तपासायचं. उत्तरं तिथंच, त्यांच्यासमोर लिहून घे.