लहान खिलार कळपासाठीं गाई व वळू यांची निवड

म्हसवड, आटपाडी, सांगोला या माणदेशी टापूंत खिलार गाय दुधासाठीं नव्हे, तर खोंडासाठीं पाळतात. 'खिल्लार' या शब्दाचा अर्थच मुळीं गुरांचा कळप असा आहे. ट्रॅक्टर आल्यापासून हे कळप मोडत गेले. सन २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें बैलगाडा शर्यतींस परवानगी देणारा कायदा ग्राह्य धरला, व तेव्हांपासून पुष्कळ बंधु चार-दोन गाई घेऊन नव्यानें कळप उभारण्याच्या विचारांत आहेत. त्यांच्याकरितां हे चार शब्द.

प्रथम हिशेब पाहावा. आज भरविलेली गाय सुमारें २८० ते २८५ दिवसांनीं विते. तिची कालवड साधारण तीन वर्षांची झाल्यावर माजावर येते. ती विऊन तिच्या कासेची परीक्षा होईपर्यंत पांच वर्षें उलटतात. म्हणजे वळू निवडण्यांत आज झालेली चूक पांच वर्षांनीं कळते, आणि तोंवर त्याचें रक्त सबंध दावणींत पसरलेलें असतें.

हें मीं अनुभवानें शिकलों. महसूल खात्यांत नोकरीस असतांनाच तीन गाईंवर मीं हा उद्योग आरंभिला, व एका बाजारांतून वळूसाठीं खोंड आणला. शिंगें धनुष्याकृति, रंग स्वच्छ, वशिंड भरदार. रस्त्यानें जाणारा थांबून पाही. सात-बाराचा उतारा पाहिल्यावांचून जमिनीचा शब्दही न बोलणारा मी कारकून, पण या खोंडाची आई कोणती हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं! त्याच्या कालवडी दिसण्यांत देखण्या निघाल्या, परंतु व्याल्यावर कासेंत दूध नाहीं. खिलार गाय मुळांतच अल्प दुधाची. त्यांत आणखी तूट आल्यावर वासरांनीं काय प्यावें? दोन वासरें खुरटलीं, एक वरचें दूध पाजूनही वांचलें नाहीं. शेवटीं पांचही कालवडी मिळेल त्या किंमतीस काढाव्या लागल्या.

म्हणून वळूची परीक्षा त्याच्या आईपासून करावी. तिच्या मालकाकडे सकाळीं जावें, चारही सड चालू आहेत काय व वासरूं पोटभर पितें काय हें डोळ्यांनीं पाहावें. मिळाल्यास बहिणीही पाहाव्या. मग खोंडाचे पाय, खूर, चाल व स्वभाव. दोन्ही अंड सारखे उतरलेले असावे. शिंगें सर्वांत शेवटीं.

गाय घेतांना कालवडीपेक्षां दुसऱ्या वेताची, वासरूं पायाशीं असलेली घ्यावी. महाग पडली तरी तिची परीक्षा झालेली असते. वय विक्रेत्याच्या तोंडून न ऐकतां गाईच्या तोंडांत पाहावें: दोन दांती सुमारें दोन-अडीच वर्षांची, व दांत जुळलेली पांचाच्या आसपास. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, ती घेऊं नये. गाभडलेल्या गाईविषयीं फार सावध असावें. ब्रुसेला रोगानें गाभ पडतो, व तो कच्च्या दुधांतून आणि उघड्या हातानें वार काढतांना माणसांसही जडतो. नवी गाय रक्त तपासल्याशिवाय दावणीस बांधूं नये, व घरच्या कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत याची लस टोंचून घ्यावी.

चार गाईंसाठीं स्वतंत्र वळू पोसणें परवडत नाहीं. दोघा-तिघांनीं मिळून ठेवावा, अथवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत खिलार वळूचें रेतन मिळतें काय याची चौकशी करावी. सकाळीं माज दिसला तर सायंकाळीं भरवावी. वळूच्या स्वतःच्या मुली वयांत येण्यापूर्वीं, म्हणजे सुमारें तीन वर्षांनीं, तो बदलावा.

मीं आतां वही ठेविली आहे: गाय, भरविल्याची तारीख, वळू, वळूची आई, वेत. दुसरा वळू शेजारच्या गांवचा. त्याच्या आईची धार मीं तीन वेळां पाहिली. त्याच्या दोन कालवडी सध्यां गाभण असून वहीप्रमाणें दिवाळीच्या सुमारास व्यायच्या आहेत.