घोडी गाभडली; पाण्याचा दोष?

प्रश्न : आमची वरातीची घोडी नवव्या महिन्यात गाभडली. पावसात तबेल्यात नाल्याचं पाणी शिरलं होतं. त्याचा संबंध असेल का?
– एक वाचक, नारायणगुडा, हैदराबाद

उत्तर : असू शकतो. पहिला संशय लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-कुत्र्यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून घोडीच्या तोंडावाटे, डोळ्यांवाटे किंवा खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात. घोडी धडधाकट दिसते, वैरण खाते. गर्भ मात्र बहुधा सातव्या महिन्यानंतर पडतो. पण अंदाजाने इंजेक्शनं देऊ नका. हर्पीस विषाणूनेही घोडी याच सुमारास गाभडते आणि त्यावर प्रतिजैविकं चालत नाहीत. पुन्हा असं घडलं तर शिंगरू आणि वार पुरण्याची घाई नको. बर्फात ठेवून तपासणीला द्या. आत्ता निदान घोडीचं रक्त तपासा. तुमच्या नारायणगुड्यातच सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तिथे विचारा.

तोवर तिला वेगळी बांधा, कारण लेप्टोस्पायरोसिस असेल तर तिच्या मूत्रातून कित्येक आठवडे जंतू पडत राहतात. पुढे काही महिन्यांनी डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं, तर तोही याच रोगाचा परिणाम असू शकतो. दुर्लक्ष केल्यास दृष्टी जाऊ शकते.

हा रोग माणसालाही होतो. मोतद्दाराला हातमोजे-गमबूट द्या, आणि त्याला ताप आलाच तर डॉक्टरांना घोडीची हकीकत जरूर सांगा.