बाहेरचा खेळाडू

पारनेर,
१० मार्च २०२६

चि. ओंकार यास,


तुझा फोन येऊन चार दिवस झाले. महाराष्ट्राच्या रणजी संघातून नाव गळलं, ईशान्येकडच्या एका राज्याने पाहुणा खेळाडू म्हणून विचारलंय, त्याआधी उन्हाळाभर इंग्लंडच्या एका क्लबकडून खेळायचं बोलणं चाललंय, हे सगळं एका दमात सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, "मामा, म्हणजे मी आता भाडोत्री झालो." तो शब्द मला झोपू देत नाही. तुझ्या आईच्या कानावर मी तो घातलेला नाही.

मीही पैसे घेऊन खेळलोय, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ज्वारी निघाली की रानं मोकळी व्हायची आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू व्हायच्या. निघोज, अळकुटी, सुपा, टाकळी ढोकेश्वर... निरोप येईल तिथे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचो. संघात एक-दोन 'बाहेरचे' चालत. शंभर रुपये, जेवण, आणि जिंकलो तर इनामात वाटा. एका गावात मी दोन षटकांत बेदम मार खाल्ला. पाणी घेऊन आलं ते त्याच गावचं एक पोर. माझ्यासाठी त्यालाच बाहेर बसवलं होतं. तांब्या हातात देताना तो म्हणाला, "होतं असं, काका." सामना संपल्यावर ठरलेले पैसे मिळाले नाहीत, त्याचं दुःख कधीच विरलं. त्या पोराचा चेहरा मात्र गेला नाही. बाहेरचा खेळाडू नेहमी कुणाच्या तरी जागेवर उभा असतो. पैसे घेतल्याने कमीपणा येत नाही रे. त्या पोराचं आपण काही देणं लागतो हे विसरलं, तर येतो.

अमोल मुझुमदारचं बघ. १९८८ साली सचिन-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी झाली तेव्हा शारदाश्रम शाळेचा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला. १९९४ला रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा, प्रथम श्रेणी पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. २००६-०७मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. तरीही भारताची टोपी मिळाली नाहीच. २००९मध्ये मुंबई सोडून तो आसामकडे गेला, पुढे आंध्रकडे. पस्तिशीला आलेला माणूस, परकं ड्रेसिंग रूम, परकी भाषा, आणि शेजारी निम्म्या वयाची पोरं. प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा केल्या. नंतर नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांना शिकवलं. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. त्या रात्री आपण सगळे टीव्हीपुढे होतो, तुझी आई रडत होती. मला वाटतं, परक्या पोरांना आपलं मानायची सवय त्याला त्या परक्या संघांतच लागली असावी.

इंग्लंडचं म्हणशील तर ही वाट जुनी आहे. सांगलीचे विजय हजारे १९४९मध्ये लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉलकडून खेळले. मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून खेळले, आणि पुढे त्रिनिदादला संसार थाटून तिथलेच झाले. त्या लीगमध्ये परंपरेने क्लबचा पगारी खेळाडू एकच, बाकीचे आपापले कामधंदे सांभाळून शनिवारी मैदानात उतरणारे. पगारी माणसाने अर्धशतक केलं की प्रेक्षकांत डबा फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करत. म्हणजे गाव तुला खिशातून देतं, आणि प्रत्येक शनिवारी हिशेबही मागतं. पोरांना नेटमध्ये शिकवायचं काम आलं तर नाक मुरडू नकोस.

आता व्यवहाराचं. पर्यटकाच्या व्हिसावर पैसे घेऊन खेळता येत नाही. कुणी "चालतं तिकडे" म्हणालं तरी जाऊ नकोस. तिकीट, राहणं, दुखापत झाली तर दवाखाना, सगळं लेखी घे. दुसऱ्या राज्याकडे जायचं तर इथला ना हरकत दाखला लागतो, आणि परत आलास की पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल. रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला चाळीस हजार मिळतात. चार दिवसांचे एक लाख साठ हजार ऐकायला मोठे वाटतात, पण साखळीत सामने पाच-सातच, आणि राखीव बसलास तर निम्मेच. तो पैसा वर्षभराचा समज.

आणि पदवीचे राहिलेले दोन विषय सोडव. सौरभ नेत्रवलकर मुंबईकडून एकच रणजी सामना खेळला, २०१५मध्ये संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला, नोकरी धरली आणि चेंडू सोडला नाही. ६ जून २०२४ला डॅलसला पाकिस्तानविरुद्ध अमेरिकेकडून सुपर ओव्हर त्याच्या हातात होती. सहा दिवसांनी कोहली पहिल्याच चेंडूवर त्याच्याकडून बाद झाला. नोकरी होती म्हणून त्याचा खेळ टिकला, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा जा. दोन्हीकडे जा. पहिल्या दिवशी तिथे पोचलास की विचार, तुझ्यासाठी कोण बाहेर बसलंय. त्याचं नाव पाठ कर. सरावाला त्याला सोबत घे, तुला येतं ते त्याला दाखव. पुढच्या वर्षी त्यांना बाहेरचा आणावा लागला नाही, तर तुझं तिथलं काम झालं.

निघण्याआधी दोन दिवस घरी ये. ताईने लोणचं घातलंय, विमानात चालतं का ते विचारून ठेव. आणि येताना तुझे जुने लेदर बॉल घेऊन ये, शिवण उसवलेले असले तरी चालतील. शाळेमागच्या मैदानावर आठवीतला एक डावखुरा पोरगा आहे. अजून टेनिस बॉलनेच टाकतो.

तुझा,
मामा