प्रोटीएज-रोधक औषधे आणि वैद्यांची सावधानता

काही वर्षांपूर्वी नेत्रांत पीतता आलेला एक चाळिशीचा रुग्ण आमच्याकडे आला. क्षुधा उत्तम, ज्वर नाही, मलमूत्राचा वर्ण प्राकृत. कामलेची अन्य लक्षणे मिळेनात. विश्वासात घेऊन विचारल्यावर त्याने गोळ्यांचे पाकीट दाखविले. त्यावर ॲटाझॅनाव्हिर व रिटोनॅव्हिर अशी नावे होती. ‘यकृत बिघडले आहे, या गोळ्या बंद कर’ असा सल्ला त्याला कोणीतरी दिला होता. तो सल्ला किती घातक ठरला असता, हे समजण्यासाठी या औषधांची ओळख वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

औषधाची घडण

एच.आय.व्ही. हा विषाणू पेशीत शिरल्यावर आपली अनेक प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात तयार करवितो. ही साखळी ठरावीक ठिकाणी छेदली गेली तरच नवा विषाणू परिपक्व होतो. छेदनाचे हे कार्य प्रोटीएज नावाचे विकर करते. प्रत्येकी 99 अमिनो आम्लांचे दोन समान भाग एकत्र येऊन ते बनते. हे विकर निष्क्रिय केल्यास निर्माण होणारे विषाणू संसर्ग करू शकत नाहीत, असे 1988 मध्ये सिद्ध झाले. 1989 मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली. साखळी छेदली जात असतानाच्या क्षणिक अवस्थेशी साम्य असलेले, परंतु स्वतः न छेदले जाणारे रेणू मग रसायनशास्त्रज्ञांनी रचले. असा रेणू विकराच्या खाचेत अडकून बसतो व विकराचे कार्य थांबते.

अमेरिकेत डिसेंबर 1995 मध्ये सॅक्विनाव्हिरला आणि मार्च 1996 मध्ये रिटोनॅव्हिर व इंडिनाव्हिर यांना मान्यता मिळाली. अन्य वर्गातील औषधांसह ती दिली जाऊ लागली आणि 1996 ते 1997 या काळात तेथील एच.आय.व्ही.मुळे होणारा मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आला. प्रारंभीच्या औषधांत दोषही होते. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी घ्यावे लागे व त्याने मूत्राश्मरी होत असे. 2006 मध्ये मान्यता मिळालेले डॅरुनाव्हिर अन्य प्रोटीएज-रोधकांना न जुमानणाऱ्या अनेक विषाणूंवरही उपयुक्त ठरले. त्याच्या रचनेमागे भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अरुण घोष यांचे संशोधन आहे.

रिटोनॅव्हिर : एक योगवाही

बहुतेक प्रोटीएज-रोधकांचे विघटन यकृत व आंत्र यांतील सी.वाय.पी. 3ए4 या विकराद्वारे होते. रिटोनॅव्हिर या विकरालाच रोखते. त्यामुळे ते आज अल्प मात्रेत, प्रायः 100 मिलिग्रॅम, मुख्य औषधाचे बल वाढविण्यासाठी दिले जाते. आपल्या परिभाषेत त्यास योगवाही म्हणता येईल. परंतु योगवाही द्रव्य निवड करीत नाही. त्याच मार्गाने विघटन पावणाऱ्या अन्य औषधांचेही रक्तातील प्रमाण ते वाढविते. पिप्पलीचे योगवाहित्व सांगणाऱ्या चरकसंहितेच्या विमानस्थानातच तिचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे, ही गोष्ट येथे स्मरणीय आहे.

आपल्या द्रव्यांचा संबंध

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना सुमारे तीन आठवडे लसणाच्या कॅप्सूल देण्यात आल्या. त्यांच्या रक्तातील सॅक्विनाव्हिरचे एकूण प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी घटले. लसूण बंद करून दहा दिवस लोटल्यावरही ते पूर्ववत झाले नाही. या अभ्यासात रिटोनॅव्हिर सोबत नव्हते आणि आमटीच्या फोडणीतील लसूण म्हणजे कॅप्सूल नव्हे, हे खरे. तथापि लसूणकल्प दीर्घकाल देताना सावध राहावे. याउलट मरिच व पिप्पली यांतील पायपरीन प्रयोगशाळेत सी.वाय.पी. 3ए4 ला रोखताना आढळले आहे. म्हणून त्रिकटुयुक्त कल्पांबाबतही विचार आवश्यक आहे.

ॲटाझॅनाव्हिरच्या शोषणास आमाशयातील आम्लता लागते. आम्लतानाशक औषधे त्याच वेळी घेतल्यास शोषण घटते. शंखभस्म व कपर्दिकभस्म आम्लता कमी करतात, म्हणून त्यांना हाच नियम लावावा : ॲटाझॅनाव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा एक तास नंतर घेतलेले असावे.

आपल्या देशात शासनाने 1 एप्रिल 2004 पासून मोफत विषाणूरोधक उपचार सुरू केले. आज प्रथम उपचारात प्रायः डोल्युटेग्राव्हिर हे निराळ्या वर्गातील औषध असते. कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्यांशी त्याचा संयोग होऊन शोषण घटते, म्हणून ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. प्रवाळ, लोह व मंडूर यांचे कल्प देताना हेच अंतर पाळणे श्रेयस्कर. प्रथम उपचार निष्फळ ठरल्यावर मुख्यतः प्रोटीएज-रोधक वापरले जातात. म्हणजेच ज्याच्या हाती या गोळ्या दिसतील, त्याच्यापुढे उरलेले पर्याय थोडे आहेत. गोळ्या थांबल्यास विषाणू पुन्हा वाढतो. रक्तातील प्रमाण अपुरे पडत राहिल्यास प्रतिरोधी विषाणू निवडले जातात.

कर्तव्य

प्रत्येक रुग्णाला ‘अन्य कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न एकांतात विचारावा. मिळालेले उत्तर गुप्त ठेवणे हा सदाचार आहेच. 2017 च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानेही गोपनीयतेचे बंधन घातले आहे. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवर अशी औषधे दिसल्यास ग्राहकाने मागितलेला चूर्ण वा भस्माचा कल्प देण्यापूर्वी वैद्यास विचारावे. आपला कल्प आवश्यक वाटल्यास ए.आर.टी. केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून द्यावा. त्यांची गोळी मात्र आपण कदापि बंद करू नये.

त्या रुग्णास आम्ही कोणताही कामलाहर कल्प न देता केंद्राकडे पाठविले. तपासणीत केवळ असंयुग्मित बिलिरुबिन वाढलेले आढळले. यकृताच्या अन्य चाचण्या प्राकृत होत्या. ॲटाझॅनाव्हिरमुळे असे अनेकदा घडते व त्याने यकृताची हानी होत नाही. परंतु हा निर्णय तपासणीनंतरच घ्यावयाचा असतो, केवळ डोळे पाहून नव्हे. त्याच्या गोळ्या चालू राहिल्या. त्या दिवशी आम्ही एकही औषध दिले नाही, आणि तीच आमची चिकित्सा होती.